आबांच्या पिकअपचं नवं क्राऊन-पिनियन

दिवाळी झाली आणि आबांची पिकअप मागून घोंगावायला लागली. आबा म्हणजे माझे वडील. गाडी त्यांनी माझ्या जन्माआधी घेतलेली, जीपच्या तोंडाची, मागे लाकडी हौदा असलेली. ती गॅरेजमध्ये नेली तेव्हा मिस्त्रींनी खाली शिरून मागच्या दोन चाकांमधलं डिफरन्शियल खोललं आणि काळ्या तेलातून चक्राच्या दाताचा एक तुकडा काढून आबांच्या तळहातावर ठेवला.

"आबा, क्राऊन-पिनियन गेलं."

मी शेजारीच उभी होते. मला समजेल असं मिस्त्रींनी सांगितलं. इंजिनाकडून येणारा लांब दांडा एक छोटं चक्र फिरवतो, ते छोटं मोठ्याला फिरवतं आणि मोठं मागच्या चाकांना. "तुमची जोडी ओझ्याची आहे. चाक एकदा फिरायचं तर दांड्याला पाचाच्या वर फेरे. चढाला दम असतो, सपाटीला मात्र नुसती ओरडते. तशीच घालू, की चाराची घालू? ह्याच हाऊसिंगच्या पेटीत बसते. हायवेला मस्त पळेल. पण भरून चढवलीत तर कुंथेल."

"तशीच घाला," मी लगेच म्हणाले. "होती तश्शी."

मला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. मांडवीच्या आमच्या घरात संध्याकाळी गाडीचा तो आवाज समुद्राच्या आवाजातूनही वेगळा ऐकू यायचा. गाडी वळणावर आली की आई भाताचं आधण ठेवायची, आणि आबा हातपाय धुऊन पानावर बसेपर्यंत भात तयार असायचा. मे महिन्यात मला सुट्टी असे. मग आबा मला गोळपच्या बागेत न्यायचे. येताना मी हौद्यात, आंब्यांच्या पेट्यांवर पेंढा पसरून बसायची. बाग खाली दरीत आणि रस्ता वर सड्यावर, उघड्या कातळमाळावर. मधला तो तांबडा चढ पिकअप पहिल्या गिअरमध्ये एका लयीत चढायची. इतकी सावकाश, की मी हात लांबवून करवंदीच्या जाळीतली करवंदं तोडायची. सड्यावर वारा लागला की पेट्यांतला वास आणि डिझेलचा वास एकत्र यायचा. मागून एसटी यायची, हॉर्न द्यायची, आबा खिडकीतून हात काढून तिला पुढे जाऊ द्यायचे. खिडकीतली माणसं माझ्याकडे बघत बघत जायची आणि मी त्यांना करवंदं दाखवायची. त्या वयात मला वाटायचं, सगळ्यांनी आपल्याला बघावं म्हणूनच आबा हळू चालवतात.

आबांनी तो तुकडा बाकावर ठेवला, चिंधीला हात पुसले आणि म्हणाले, "चाराची घाला."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "गाडी त्यांची आहे," मी म्हणाले, पण मला ते आवडलं नव्हतं.

रिक्षातून घरी येताना मी विषय काढलाच. "आबा, आणि बागेतला माल?"

"मालाला टेम्पो येतो की आता. तीन वर्षं झाली."

"पण आपली गाडी तशीच बरी होती. तिचा तो आवाज..."

"अगो, तू पेट्यांवर बसून मागं बघायचीस," आबा म्हणाले. "तुझ्यापुढं सगळा रस्ता मोकळा. मी पुढं बघायचो. मला जन्मभर दुसऱ्या गाड्यांची पाठच दिसली."

ते रागाने म्हणाले नाहीत. रिक्षावाल्याला वळण दाखवता दाखवता म्हणाले.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "ह्या वयात पळायचंय? पळा. मी नाही हो बसणार."

नव्या जोडीची पहिली परीक्षा बागेतच झाली. छाटलेल्या फांद्या हौद्यात भरल्या आणि आबांनी चढ घेतला. मध्यावर गाडीने मान टाकली. आबांनी ब्रेक दाबून धरला, मी उतरून चाकाला चिरा लावला. अर्ध्या फांद्या आम्ही बाजूला उतरवल्या तेव्हा कुठे ती वर आली. "कुंथली रे कुंथली!" आबा हसत होते. मला मात्र त्या चढावर जुनी लय ऐकू येत नव्हती.

मग एका रविवारी आबांनी चिपळूणला माझ्या आत्याकडे जायचं ठरवलं. नाही नाही म्हणत आई डबा घेऊन मधल्या सीटवर बसली. हातखंब्याला हायवे लागला आणि गाडी खरोखर सुटली. इंजिन शांत, आबांचे हात स्टिअरिंगवर सैल. आई वेगाच्या काट्यावर डोळा ठेवून होती. "चाळीसच्या वर नको हं," ती दर थोड्या वेळाने बजावायची आणि आबा आज्ञाधारकपणे काटा चाळीसवर ठेवायचे. दाते बदलल्यामुळे तो काटा आता कमी दाखवतो, हे मिस्त्रींनी आम्हा दोघांना सांगितलं होतं. आईला कुणी सांगितलं नव्हतं. गाडी पन्नासच्या पुढे होती.

संगमेश्वरच्या अलीकडे चिरे भरलेला एक ट्रक पुढे लागला. आबांनी आरशात पाहिलं, हॉर्न दिला. ट्रकवाल्याने खिडकीतून हात काढला आणि पुढे जा म्हणून हलवला. आबा पुढे गेले. पुढचा बराच वेळ त्यांची बोटं स्टिअरिंगवर ताल धरत होती. आईने ते पाहिलं आणि डब्यातला एक लाडू काढून त्यांच्या तोंडात घातला.

आत्या फाटकातच उभी होती. आबा आजवर तिच्याकडे आले ते ह्याच पिकअपमधून आणि दर वेळी काहीतरी घेऊन. कधी पेट्या, कधी नारळ, तिचं घर बांधताना तर कौलं. ती सवयीने आधी मागे गेली आणि हौद्यात डोकावली.

"आज काय आणलंस रे?"

"काही नाय," आबा दार उघडत म्हणाले. "आज आम्हीच आलो."