या महिन्यात मरायचं नाही

"या महिन्यात मरायचं नाही हं, सांगून ठेवते," बायकोने बजावलं आणि भाताचा वाडगा मोक बिंगपुढे आदळला.

आता हे काय त्याच्या हातात होतं? हाँगकाँगच्या स्टुडिओत बिंग तेवीस वर्षं खलनायक होता. तलवारीने, विषाने, कधी नायकाच्या नुसत्या एका लाथेने, सांगतील तसा बापडा मरत आला होता. पडद्यावर मेलेल्याच्या हातात त्याच दिवशी पैशांचं लाल पाकीट ठेवायचं आणि त्याने ते वाटेतच खर्चून टाकायचं, म्हणजे अपशकुन घरी येत नाही, अशी तिथली रीत. बिंग नाक्यावर नूडल्स खाऊन मोकळा व्हायचा.

पण रविवारी मुलीचं, सुत-यिंगचं लग्न होतं. सुक्या मासळीच्या व्यापाऱ्याचं घर, आणि नवऱ्यामुलाची आजी म्हणजे महाखट. तिने दोन निरोप धाडले होते. सिनेमावाल्यांपैकी एकही लग्नात दिसता कामा नये. आणि मुलीचा बाप त्या महिन्यात पडद्यावर मेला, तर माझा नातू त्याच्यापुढे गुडघे टेकणार नाही. गुडघे टेकलेल्या जोडप्याच्या हातचा मानाचा चहा घ्यायला खुर्चीत मुलीच्या मामाला बसवा. बिंगला लग्नातलं दुसरं काही नको होतं. ती एक खुर्ची मात्र हवी होती.

आणि नेमकं त्याचं मरण शुक्रवारी लागलं होतं.

तो दिग्दर्शक फानकडे गेला. "फानदादा, या वेळी मला जिवंत ठेव."

"शुद्धीवर आहेस ना? लोक तिकीट काढतात ते तू मरावास म्हणून. तू जगलास तर खुर्च्या फोडतील!"

"तुरुंगात घाल. आंधळा कर. पण मारू नकोस."

"तेवीस वर्षांत चहा गार आहे म्हणून कधी बोलला नाहीस, आणि आज गोष्ट बदलून मागतोस? कारण तरी सांग."

कारण कसं सांगणार? लग्नाचं बोलायचं तर आमंत्रण द्यायला हवं, आणि आमंत्रण द्यायची सोय नव्हती. "तेवढं विचारू नकोस," बिंग म्हणाला.

"म्हातारपणी हवा गेली डोक्यात!" फान अख्ख्या स्टुडिओला ऐकू जाईल असा ओरडला. "बरं. कड्यावरून पड. प्रेत दाखवत नाही, मग तर झालं? पण तूच पडायचंस. बदली माणूस मिळणार नाही."

खरं तर मरण्यासारखं सोपं काम नाही. छातीला लाल पाक फासायचा आणि तासभर पडून राहायचं; बिंग कितीदा तसाच झोपी गेला होता. जगायचं म्हणजे मात्र छप्पन्नाव्या वर्षी तीन मजल्यांवरून पुठ्ठ्याच्या खोक्यांवर उडी. त्याने ती मारली. खालची खोकी सरकली आणि त्याच्या कुशीत काहीतरी कट्कन वाजलं.

सामान सांभाळणारा म्हातारा सवयीने लाल पाकीट घेऊन धावला. बिंग पडल्या पडल्या म्हणाला, "नको. मेलो नाही मी."

फान त्या पाकिटाकडे बघत राहिला. मग त्याचा आवाज उतरला. "घरी काही कार्य आहे का रे?"

"कसलं कार्य," बिंग म्हणाला. हे खोटं त्याला बरगडीपेक्षा जास्त दुखलं.

घरी बायकोने बरगड्या आवळून बांधल्या. "मेला नाहीत ना? मग बसा खुर्चीत. पोरीला काही कळू द्यायचं नाही."

रविवारी सकाळी जोडपं त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसलं. सुत-यिंगने दोन्ही हातांनी चहाचा कप वर धरला. बिंग नव्या कोटात ताठ बसलेला. कप वीतभर दूर राहिला. दाराशी नवऱ्यामुलाचे मित्र एकमेकांना कोपरखळ्या मारू लागले.

"बघ, बघ, इथेही खलनायकच! मान म्हणून झुकत नाही."

सुत-यिंगचे कान लाल झाले. "बाबा," ती हळूच म्हणाली, "आजच्या दिवस तरी सोडा ना तो ताठा. थोडं वाका."

पडद्यावर कळ दाखवायला बिंग ओठ वाकडा करत असे. आज त्याने ओठ मिटून घेतले. तो वाकला, पार तिच्या कपाळापर्यंत वाकला, कप घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"गोड आहे," तो म्हणाला.

सुत-यिंगला वाटलं, बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं ते आपण सासरी चाललो म्हणून. त्यातलं अर्धं तर खरंच होतं.