बोंबलांचा पिरॅमिड

सातपाटीच्या किनाऱ्यावर, ओले बोंबील हातात घेऊन मी बायकांना अख्खा इजिप्त दाखवला. तिकीट नाही, पासपोर्ट नाही.

ही ऐंशी सालानंतरची हकीकत. मी मूळचा सांगलीकडचा, बोईसरला कारखान्यात फिटर. कंपनीनं मशिनी बसवायला मला काही महिने इजिप्तला धाडलं होतं. परत आलो तेव्हा गॉगल शोभणारा माणूस बोईसरपासून मासवणपर्यंत मी एकटाच, असं माझं ठाम मत होतं. त्याच भरात मी शेजारच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला येणाऱ्या सातपाटीच्या मुलीला लग्नाचं विचारलं.

ती म्हणाली, "मी तयार हाय. पण आईला विचार. कंपनी तुला परत तिकडं धाडायचं म्हणते, हे तिच्या कानावर गेलंय. पोरगी लांब गेली की संपलं, असं तिचं म्हणणं."

यातलं "मी तयार हाय" एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. बाकीचं वाऱ्यावर.

तिची आई म्हणजे काय सांगू! तिनं किनाऱ्यावरून हाक मारली की डहाणूच्या होड्या माघारी वळत. मी गेलो तेव्हा ती चार बायकांबरोबर बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी बांबूच्या दांडीवर टाकायची, एक इकडे लोंबता, एक तिकडे. माझ्याकडं न बघता तिनं टोपली पुढं सरकवली.

"बस. हात पन चालव, तोंड पन चालव. काय बघितलंस तिकडं?"

झालं! मी सुटलो.

"मावशी, पिरॅमिड! एवढा उंच की वर बघताना वाकलेली मान अजून पुरती सरळ झालेली नाही. एकेक दगड तुमच्या घराएवढा."

"आनी आत काय?"

"राजा. मेलेला. म्हणजे, होता."

"म्हंजे एका मड्यापायी एवढा पसारा?" एक बाई म्हणाली. "आमचा सासरा गेला तवा चार लाकडं मिळताना मारामार!"

मी पुढं सिंहाचं अंग आणि माणसाचं तोंड असलेल्या त्या प्रचंड पुतळ्याचा विषय काढला. नाक तुटलंय म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम विचारलं, "बायकोनं तोडलं काय?" कैरोचा बाजार सांगितला. पितळेची ताटं ठोकणारे, अत्तरवाले, मसाल्यांचे ढीग. दुकानदार आधी चहा पाजतो, मग भाव सांगतो. यावर मात्र बायका गंभीर झाल्या. गिऱ्हाइकाला आधी चहा? मग शिव्या कधी द्यायच्या? नाईल नदीवर तिकोनी शिडाच्या होड्या, पलीकडं लाल सूर्य, आणि माझा उंट, जो वाटेत तीनदा बसला आणि एकदा माझ्यावर. अलेक्झांड्रियाच्या समुद्राचा तळ दिसतो म्हणालो, तर मावशी पहिल्यांदा वर बघत म्हणाली, "मग मासे लपतात कुठं?"

"अरे, पन तो पिरॅमिड दिसतो कसा?" कुणीतरी म्हणालं.

मला चेव आला. मी जोड्याबिड्या सोडून टोपलीतले बोंबील शेजारच्या फळीवर रचायला लागलो. खाली रुंद, वर निमुळता. पण ओला बोंबील म्हणजे निम्मं पाणीच. वरचा चढवला की खालचा पसरे. शेवटी टोकाचा बोंबील ठेवला आणि फळीवरून अख्खा पिरॅमिड माझ्या मांडीत आला! केळव्यापर्यंतचे कावळे जमले. एक मांजर तर माझ्या मांडीवर असं बसलं की जणू पिरॅमिडातला राजा तोच. बायका हसून हसून वाळूत लोळल्या.

मावशी हसली नाही. हात पदराला पुसत म्हणाली, "एवढं झ्याक हाय, तर तू जानारच. आनी माझ्या पोरीला नेनार."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की तासभर मी माझ्याच लग्नावर पाणी ओतत होतो. जितका पिरॅमिड उंच, तितकी पोरगी लांब.

गॉगल काढला. म्हटलं, "मावशी, पिरॅमिड एकदा बघितला की बघून झाला. शुक्रवारी सुट्टीला आम्ही समुद्रावर जायचो. तिथं मासा कोंड्यात घोळवून निखाऱ्यावर भाजतात, बरा लागतो. पण पहिल्याच घासाला मला बोईसरच्या खानावळीतली सुक्या बोंबलाची चटणी आठवली आणि घास उतरेना. चांगला दांडगा माणूस मी, लिंबू डोळ्यांत गेलं म्हणून सांगितलं. एवढं ऊन, एवढा वारा, नजर पोचेल तिथवर मोकळी वाळू, आणि वाळत घातलेला बोंबील एक नाही. मी परत जायला कंपनीला नाही सांगून आलोय."

शेवटचं वाक्य खरं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन मी ते खरं केलं.

मावशीचे हात थांबले. "येक पन नाय?"

"एक पण नाही."

"एवढं ऊन फुकट जातं?" तिला त्या देशाची मनापासून कीव आली.  मग वाळूत सांडलेले दोन बोंबील उचलून, झटकून तिनं माझ्या हातात दिले.

मी श्वास रोखून एकाचा जबडा दुसऱ्यात अडकवला आणि जोडी दांडीवर टाकली. हलली, डुलली, पण टिकली.

मावशीनं घराकडं तोंड करून हाक मारली. डहाणूच्या होड्या वळल्याच असणार.

"चहा टाक गो! आनी जावयाला अंग धुवायला पानी काढ, घान मारतोय!"