विहिरीतला इलेक्ट्रॉन

आमच्या लखनौच्या कॉलनीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत. इलेक्ट्रॉनबद्दल त्या घरातल्या माणसासारखं बोलत, आणि दर वाक्यानंतर थांबून विचारत, "अच्छा, मग?"

नव्वदच्या दशकात एका मे महिन्यात आमच्याकडे कॉम्प्युटर आला आणि काकू रोज दुपारी येऊ लागल्या. मी तेव्हा एम.एस्सी.ला होते. ऊर्जेच्या विहिरीत अडकलेल्या इलेक्ट्रॉनचं तरंग-समीकरण आम्ही सोडवत होतो. ऊर्जेचा एक अंदाज द्यायचा आणि पडद्यावर तरंगाची रेषा बघायची. अंदाज चुकला, की विहिरीची भिंत ओलांडताच रेषा सुसाट वर जायची, नाहीतर खाली कोसळायची; अंदाज बरोबर असेल, तर ती शून्यावर टेकायला हवी होती.

"कमी कर. अजून जरासा. अच्छा, मग?" काकू खुर्चीवर बसतच नसत.

एका दुपारी रेषा भिंतीबाहेर गेली, वाकली आणि अलगद शून्यावर टेकली. काकूंनी माझा खांदा असा दाबला की मी कळवळले. मग त्या अनवाणीच तापलेल्या बाल्कनीत धावल्या. खाली सब्जीवाला भैया उभा होता.

"भैया, बैठ गया! बिलकुल बैठ गया!"

"कौन बैठ गया, बहनजी?"

"इलेक्ट्रॉन!"

"अरे वाह, मुबारक हो!" तो मनापासून म्हणाला.

काकू आत आल्या. पाय भाजल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं.

"इतकी वर्षं ही रेषा मी फळ्यावर हाताने काढत आले गं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आज ती आपली आपण आली. बघत काय बसलीस? आता ऊर्जेची वरची पातळी काढ, लाइट जायच्या आत!"