एक जूनची माणसं

आमची कापसाची जिनिंग मिल घाटनांदूरच्या रस्त्याला, मी तिथला हिशेबनीस. तिच्यात परदेशी कंपनीनं भागीदारी घेतली आणि माझे हिशोब एकदम आंतरराष्ट्रीय पद्धतीचे झाले. त्या पद्धतीत कामगार निवृत्त होताना द्यायच्या ग्रॅच्युइटीचा अंदाज आजच ताळेबंदात दाखवावा लागतो, आणि तो निघतो वयावरून. मी बापडा सगळ्यांच्या जन्मतारखा पाठवून मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून ऑडिटरबाईंचा फोन. "तुमची निम्मी माणसं एक जूनला कशी जन्मली? खरी आहेत ना ही माणसं?"

आमच्याकडे शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की मास्तर एक जून लिहून टाकायचे. माझीही तीच. पण हे परदेशात कुणाला पटणार? बोगस कामगार दाखवले म्हणून मला धरून नेताहेत, असं चित्र दिसायला लागलं. बाई म्हणाल्या, प्रत्येकाला विचारा आणि वय खरं असल्याचं लिहून सही करून द्या.

सगळ्यांत जुने आमचे फिटर चाचा. कागदावर वय सत्तावन्न. विचारलं तर हसले.

"साहेब, मास्तरनं वय सहा लिवलं. शाळेत गेलतो तवा मी बैलं पाण्यावर नेत होतो. दुधाचे दात कवाच पडले हुते."

म्हणजे साठी उलटलेली. साठीला आमच्याकडे घरी बसवतात. ते आठवून त्यांचं हसू मावळलं. "खरं लिवू नका, साहेब. पोरीचं नर्सिंग व्हायला दोन वरसं हाईत."

मी सत्तावन्नवर सही केली. दया आली हे खरं, पण कुणाला कळतंय, असंही मनात होतं. बाई आल्या, माणसं डोळ्यांनी पाहिली, माझं आधार कार्ड बघून हसल्या आणि गेल्या.

सुटलो म्हणता म्हणता हंगाम सुरू झाला. तेव्हा लक्षात आलं, चाचा आता बोल्ट चाचपून शोधतात. रोलरमध्ये कापूस अडकला की हात घालणारे तेच. मशीन मध्येच थांबलं की माझा पेनही थांबतो आणि कान दाराकडे लागतात. रोज दहा वेळा माझा जीव जातो. सांगून टाकावं म्हटलं, तर पोरीचं शिक्षण बुडतं आणि खोट्या सहीपायी मीही. भित्रा आहे मी, दुसरं काय!

यंदा एक जूनला हेड ऑफिसनं सगळ्यांच्या वाढदिवसाचा मिळून एक मोठा केक पाठवला. चाचांनी तुकडा उचलून माझ्यापुढे धरला. मी आधी त्यांची बोटं मोजली.