चढाची जोडी

दुधनीहून शेंगांची गाडी सोलापूरला आणताना चढावर मला तो दिसला. शर्यतीची बुटकी मोटार बाजूला लावून तो धुळीत बसला होता आणि माझ्या बैलजोडीच्या माना न्याहाळत होता.

“काय हुडकताय, सायेब?”

“मोटारीच्या मागच्या आसाला दातेरी चाकांची जोडी बसवायचीय. सपाटीला पळणारी बसवू, की चढ ओढणारी?”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“तुम्हाला कुठं, बैलांना विचारतोय.”

चढाची ओढ लागून बैलांनी जिथं माना खाली घातल्या, तिथं त्यानं रस्त्याकडेला दगड ठेवला. “चढाचीच,” म्हणाला.

बैलांना हाणणारे पुष्कळ पाहिले, विचारणारा हाच एक.

पुढं याच चढावरून मोटारींची शर्यत झाली, तेव्हा बाकीच्या मोटारी त्या दगडापाशी धापा टाकू लागल्या. हा गुरगुरत वर आला. मी कडेला गाडीवरूनच रामराम घातला. त्यानं टोपी काढली, ती बैलांकडं बघून.