आमच्या गावचं अपील

नांदुऱ्याच्या स्टेशनावर मला सोडायला आबा आणि शांता आले होते. आबा म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेत मास्तर. शांता आमच्या शेजारची, माझ्याच वयाची. तिचं गावातच लग्न ठरलं होतं आणि मी वकिली शिकायला नागपूरला निघाले होते. गाडी हलली तसे आबा म्हणाले, "इथल्या लोकाइले ओळख देत जाजो." शांता रडता रडता ओरडली, "जज होऊन येजो वं!" जज नेमकं काय करतो, ते आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

पुढे मी खरंच जज झाले. आधी तालुक्याच्या कोर्टात, मग जिल्ह्याच्या, शेवटी उच्च न्यायालयात. बदल्यांनी सगळा महाराष्ट्र दाखवला, बुलढाणा सोडून. स्वतःच्या जिल्ह्यात नेमणूक देत नाहीत. तुमच्यातले जे बाहेर पडले ते समजून घेतील, गाव काही एका दिवसात सुटत नाही. शेगावला दर्शनाला गेले तरी सोबत पोलीस. लोकांत फार मिसळायचं नाही. ते पाळता पाळता माझा स्वभावच तसा झाला, की मुळातच होता, कोण जाणे.

मग एका सकाळी मोताळ्याजवळच्या आमच्याच गावचं अपील माझ्यापुढे आलं. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून भांडण, त्यात एकाचा खून, आरोपीला जन्मठेप. आरोपीचं नाव वाचलं आणि फाईल मिटली. शांताचा मोठा मुलगा. सोबतच्या न्यायमूर्तींना म्हटलं, "हे माझ्यापुढे नको." अपील दुसऱ्या न्यायमूर्तींकडे गेलं. जन्मठेप कायम राहिली.

भावाचा फोन आला. "ताई, काऊन सोडलं तू?"

"ओळखीच्यांचं प्रकरण ऐकायचं नसतं रे."

"मंग ओळख कायले ठेवाची?" त्यानं फोन ठेवला.

मी बरोबर वागले. आजही तेच करीन. मग इतकं अस्वस्थ का वाटत होतं? मी ऐकलं असतं तर पोरगं सुटलं असतं, असं गाव धरून चालतं. सुटलं असतं की नाही, तेही मला सांगता येत नाही.

निवृत्तीनंतर भाच्याच्या लग्नाला गावी गेले. शांता मांडवात दिसली नाही, म्हणून मीच तिच्या घरी गेले. तिनं खुर्ची पुसली आणि "बसा" म्हणाली. ते 'बसा' ऐकून मी उभीच राहिले.

ती भांडली नाही. पाठमोरी होऊन चहाचं आधण ठेवता ठेवता, 'बसा' विसरून तिनं विचारलं, "तू एवढी माणसं पाह्यली. खरं सांग, माह्या पोरानं मारलं असन का वं?"

निकालपत्र मी नंतर वाचलं होतं. त्यात चूक दिसली नव्हती. पण साक्षी मी ऐकल्या नव्हत्या, आणि ते पोरगं तान्हं असताना माझ्या मांडीवर झोपलं होतं. आयुष्यभर लोक हाच प्रश्न घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. प्रत्येकाला मी उत्तर दिलं.

"मले नाही माहीत, शांते."

ती वळली. "मले बी नाही," म्हणाली, आणि जमिनीवरच बसली. मीही तिच्याजवळ खाली बसले.

गाव म्हणजे आता माझं काय, ते मला नीट सांगता येत नाही. नागपुरात लोक अजूनही मला पाहून उठतात. शांताच्या घरी आम्ही दोघी नुसत्या बसलो होतो. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी उठले नाही.