डाव्या कोपऱ्याचा शेरा

लिहून देणार : मी, तळा येथे कचेरीसमोर टेबल मांडून बसणारा अर्जनवीस; शिक्षण नववीपर्यंत, वय पंचावन्न.
जिच्याविषयी : सुगंधा, धर्मा यांची कन्या, कबड्डीपटू.
दिनांक : नक्की स्मरत नाही. बावीस वर्षे झाली. भात झोडून झाले होते, वाल फुलावर होता.
साक्षीदार : नाना, निवड समितीचे प्रमुख. हयात नाहीत.

हे मी आजपर्यंत कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीलाही नाही. अवघ्या तालुक्याची गाऱ्हाणी ज्या हाताने मांडली, त्या हाताला स्वतःचे एक पान जड जावे — याला काय म्हणावे?

काय दिवस होता तो! कापलेल्या खाचरातली ढेकळे फोडून, पाणी मारून, चोपून मैदान केले होते. त्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा, पेंढ्याचा सुका वास, बांधावर दाटीवाटीने बसलेली माणसे. जिल्ह्याच्या कुमारी संघाची निवड चाचणी होती. नानांचे अक्षर वाईट, म्हणून खेळाडूंचे शेरे लिहिण्यास मला सन्मानाने पाचारण केलेले. मला खुर्ची मिळाली, छातीवर बिल्ला मिळाला. तो बिल्ला मी अजून जपून ठेवला आहे. मी लेखनिक होतो. पण खरे सांगू? त्या खुर्चीत मी स्वतःला परीक्षकच समजू लागलो होतो.

सुगंधा डाव्या कोपऱ्यात खेळायची. चढाई करणारी अंगावर आली की इतर मुली पुढे धावत. ही हलायची नाही. चढाईवाली परत फिरताना तिचा भार एका पायावर आला, की त्याच क्षणी हिची घोट्याला मिठी! नाना पाहता पाहता खुर्चीच्या काठावर आले. मला त्यातले काय कळत होते? तरीही मी ओरडलो, “अगं, उभी काय राहिलीस? झेप घे!”

तिने वळूनही पाहिले नाही.

“काका, तुम्ही अर्ज लिवा. पकड मी करते.”

सारा बांध हसला. नानाही हसले. आणि पुढच्याच चढाईला तिने तशीच, जागेवर थांबून, पकड केली — तेव्हा तर शिट्ट्या वाजल्या. त्या मला उद्देशून होत्या, असेच मला वाटले.

सायंकाळी नानांना माणगावची एसटी गाठायची होती. कोऱ्या कागदांवर खाली सह्या करून त्यांनी ते माझ्यापुढे सरकवले. कोऱ्या कागदावर सही करू नये, असे मी लोकांना रोज बजावतो. त्यांना बजावले नाही. ते म्हणाले, “त्या कोपऱ्यातल्या पोरीला पयली घाल. ती भिऊन थांबत न्हाय, नेम धरून थांबते. तुझ्या भाषेत लिव नीट.”

मी माझ्या भाषेत लिहिले — ‘बचाव संथ. पुढाकाराचा अभाव. दबावाखाली जागीच थिजते. तूर्त विचार करू नये.’ अक्षर मोत्यासारखे आले होते. चूक झाली, असे म्हणू? नाही. प्रत्येक शब्द मी निवडून लिहिला.

शेऱ्यांवरून जिल्ह्याच्या कचेरीत यादी झाली; ती लागली, तेव्हा तिचे नाव नव्हते. दुसऱ्या दिवशी धर्मा तिला घेऊन माझ्याच टेबलापाशी आला. “भाऊ, तुमच्या हाताला यश हाय. फेरविचाराचा एक अर्ज लिवा. वयाचं हे शेवटचं वरीस हाय तिचं.”

अर्ज केला असता तर माझ्या शेऱ्याचा कागद पुन्हा नानांसमोर गेला असता. मुदतीचे तीन दिवस शिल्लक होते. मी म्हणालो, “मुदत संपली.” वर समजूत घातली — समितीचा निर्णय अंतिम असतो, वगैरे. माझी वाक्ये नेहमीच भारदस्त असतात. बापलेक परत निघाले. तिने मात्र जाता जाता वळून एकदा विचारले, “काका, माझं नेमकं काय चुकलं, ते लिवलेलं असतं का वो?”

मी मान हलवली. नाही म्हणून.

पुढे नाना भेटले तेव्हा त्यांनी विचारलेच, “ती पोरगी का न्हाय दिसली?” मी म्हणालो, “वर कोणी कापली असेल.” त्यांनी मान खाली घातली. मी चहा मागवला.

मागच्या महिन्यात सुगंधा लेकीच्या रहिवासी दाखल्याच्या अर्जासाठी आली होती. केस पिकू लागलेत. लेक तिच्याच उंचीची. मी लिहीत असताना ती लेकीला हसत सांगत होती, “या काकांना मी भर मैदानात उलटून बोलले होते. पण मानूस किती मोठा बघ — कधी राग धरला न्हाय.”

मी मान वर केली नाही. लेकीचे नाव लिहिताना पेन अडखळले. नवा कागद घ्यावा लागला. त्या वेळी तरी बोलता आले नसते का? आले असते.

सबब लिहून देतो की, सुगंधाच्या खेळात काहीही उणे नव्हते. तिची निवड मी मोडली, अपिलाची वाट मी बंद केली, आणि दोन्ही वेळा मी पूर्ण शुद्धीवर होतो. या लेखाची एक प्रत उद्या सकाळी तिच्या घरी जाऊन मी स्वतः तिच्या हाती देणार आहे. तिने ती वाचावी, फाडावी, वा लेकीकडून गावासमोर मोठ्याने वाचून घ्यावी; त्यास माझी कोणतीही हरकत राहणार नाही.